उंच केलेल्या जीपगाडीतील पुढच्या शाफ्टाचे कंपन

जीपगाडीची उंची वाढविली म्हणजे खडकाळ वाटेवर तिचे पोट घासत नाही आणि मोठ्या व्यासाची चाके बसविता येतात. हा लाभ उघड आहे. त्याची किंमत मात्र पुष्कळदा पक्क्या सडकेवर, ताशी ७० ते १०० किलोमीटरांच्या वेगात द्यावी लागते. पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक, घुमणारी थरथर जाणवू लागते. ती वेगाबरोबर वाढते, गिअर बदलल्याने तिच्यात फरक पडत नाही, आणि सर्वांत चमत्कारिक म्हणजे गाडी केवळ मागच्या दोन चाकांवर चालत असतानाही ती पुढच्या बाजूकडून येते. मालक प्रथम चाकांचा तोल करून घेतो, मग शाफ्टाचा तोल करून घेतो, मग क्रॉस बदलतो आणि इतके करूनही थरथर कायम राहिली म्हणजे कारागिराला दोष देतो. वस्तुतः अशा प्रसंगी दोष बहुधा कोणत्याही एका भागात नसतो. तो भागांच्या परस्परांशी होणाऱ्या कोनांत असतो, आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या बाबतीत हे कोन गाडीच्या स्टिअरिंगशी अशा रीतीने जखडलेले असतात की एकाची दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याचा बिघाड ठरावा.

या जखडणुकीचा उलगडा होण्यासाठी प्रथम शाफ्टाच्या सांध्याचा विचार करावयास हवा. दोन योक आणि त्यांना जोडणारा अधिकाच्या चिन्हासारखा क्रॉस अशी ज्याची रचना, तो सांधा युरोपात कार्दानो या सोळाव्या शतकातील इटालियन पंडिताच्या नावाने आणि इंग्लंडात रॉबर्ट हूकच्या नावाने ओळखला जातो. हूकने १६७६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मोटारगाडीस हा सांधा बंदिस्त व वंगणयुक्त स्वरूपात मिळाला तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकन अभियंत्यामुळे. कॉर्नेल विद्यापीठात शिकत असता त्याने हा विषय हाती घेतला होता, आणि १९०३ साली त्यास त्याचे पेटंट मिळाले. या सांध्याचा मूळ दोष हा की तो कोनात वळलेला असता गतीचे प्रमाण कायम राखीत नाही. चालक शाफ्ट एकसमान वेगाने फिरत असला तरी चालित शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा पुढे धावतो आणि दोन वेळा मागे रेंगाळतो. सांध्याच्या कोनाची कोज्या घेतली तर चालित शाफ्टाचा किमान वेग चालक वेगाच्या तितक्या पट असतो आणि कमाल वेग त्या कोज्येच्या व्यस्ताइतक्या पट असतो. कोन ३ अंश असता ही घटबढ हजारात दीडभागही नसते. १० अंशांस ती दीड टक्का होते. २० अंशांस सहा टक्क्यांवर जाते.

टक्केवारी पाहून हा दोष किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु यंत्रास जाच होतो तो वेगातील फरकाचा नव्हे, तर त्या फरकामुळे उत्पन्न होणाऱ्या कोनीय प्रवेगाचा. लहान कोनांसाठी या प्रवेगाचे कमाल मूल्य शाफ्टाच्या कोनीय वेगाचा वर्ग गुणिले सांध्याच्या कोनाचा (रेडियनमधील) वर्ग इतके येते. दोन्ही राशी वर्गाने येतात, आणि बहुतेक सारा अनुभव यातूनच उलगडतो. कोन दुप्पट झाला की जाच चौपट होतो. वेग ताशी ६० वरून ९० किलोमीटर झाला की तो सव्वादोन पट होतो. म्हणूनच शहरात निमूट चालणारी गाडी महामार्गावर जाताच थरथरू लागते.

एका सांध्याची विषमता दुसऱ्या सांध्याने खोडून काढता येते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते. शाफ्टाच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळीत असावेत आणि दोन्ही सांध्यांचे कोन समान असावेत, म्हणजे पहिल्या सांध्याने जे रेंगाळणे उत्पन्न केले ते दुसरा भरून काढतो. कोन असमान असतील तर त्यांच्या वर्गांच्या वजाबाकीचे वर्गमूळ हा शिल्लक कोन मानावा, आणि जणू एकच सांधा त्या कोनात फिरत आहे असे धरून हिशोब करावा. पाठ्यपुस्तके एवढ्यावर थांबतात; प्रत्यक्षात एक बाब उरते. दोन्ही कोन तंतोतंत समान असले तरी मधला शाफ्ट स्वतः विषम वेगानेच फिरत असतो. त्याच्या जडत्वामुळे निर्माण होणारे परिबल, आणि कोनात वळलेल्या सांध्यातून बेअरिंगांवर येणारा वाकविणारा जोर, ही खोडली जात नाहीत. यास्तव १५ अंशांच्या समान कोनांचा शाफ्ट हा ३ अंशांच्या समान कोनांच्या शाफ्टाइतका शांत कधीच नसतो.

यावर उपाय म्हणून जोड-कार्दान सांधा वापरण्यात येतो. त्यात दोन क्रॉस जवळजवळ बसवून मध्ये एक गोळी व खोबण ठेवलेली असते. ती एकूण कोन दोघांत सारखा वाटते. १४ अंशांचा कोन प्रत्येकी ७ अंशांचा होतो आणि त्यांची विषमता तिथल्या तिथे खोडली जाते. परंतु या टोकाने विषमता बाहेर जाऊच दिली नाही, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या एकेरी सांध्यास खोडून काढण्यासारखे काही उरत नाही. त्याचा स्वतःचा कोन जितका असेल तितका सर्व दोष निव्वळ दोष म्हणून उरतो. म्हणून जोड-कार्दान शाफ्ट असलेल्या गाडीत पिनियनचे तोंड सरळ शाफ्टाच्या दिशेनेच असले पाहिजे. दोन साध्या सांध्यांच्या शाफ्टास लागू असलेला ‘समान कोनांचा’ नियम येथे लावणे ही एक सर्रास घडणारी चूक होय. कोन अगदी शून्य करणेही इष्ट नाही; सांध्यातील सुईसारख्या रोलरांना किंचित तरी हालचाल लागते, नाही तर ते एकाच जागी रुतून क्रॉसवर खाचा पाडतात. अर्धा ते एक अंश कोन ठेवावा, हे उत्तम.

आता प्रत्यक्ष उदाहरण म्हणून १९९७ ते २००६ या काळातील टीजे श्रेणीची जीप रँग्लर घ्यावी. उंच करण्याचे प्रयोग या गाडीवर अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाले. तिचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असून तो गुंडाळीच्या स्प्रिंगांवर टेकलेला आणि चार दांड्यांनी चासीस जोडलेला असतो. पुढच्या शाफ्टाच्या ट्रान्सफर केसकडील टोकास जोड-कार्दान आणि पिनियनकडील टोकास एकेरी सांधा असतो. चाके पुढच्या अ‍ॅक्सलपासून सोडविण्याची सोय तिच्या मूळ रचनेत नाही. त्यामुळे ट्रान्सफर केसचा दांडा टू-व्हीलमध्ये असला तरी सडकेवर लोळणारी पुढची चाके अ‍ॅक्सलच्या दांड्यांना, ते पिनियनला, पिनियन शाफ्टाला आणि शाफ्ट ट्रान्सफर केसमधील साखळीला फिरवितच राहतो. शक्तीचा प्रवाह उलट्या दिशेने चालतो इतकेच. या अवस्थेत शाफ्टावर भार जवळजवळ नसतो, आणि नेमके त्यामुळेच थरथर अधिक जाणवते. भार असता दाते एका बाजूस दाबून बसतात. भार नसता विषम वेगाचा शाफ्ट त्यांना प्रत्येक फेऱ्यात दोनदा या बाजूवरून त्या बाजूवर आपटतो. ‘फोर-व्हील लावले की आवाज कमी होतो’ हा मालकांचा अनुभव म्हणूनच भ्रम नव्हे.

अशा गाडीची उंची १० सेंटिमीटरांनी वाढविली असे समजावे. हिशोबाच्या सोयीसाठी शाफ्टाची लांबी ८५ सेंटिमीटर, ट्रान्सफर केसचे तोंड आडवे, आणि मूळ स्थितीत शाफ्टाच्या दोन टोकांतील उंचीचा फरक १० सेंटिमीटर धरावा. मूळ स्थितीत शाफ्टाचा उतार ६·८ अंश येतो. उंची वाढविल्यावर फरक २० सेंटिमीटर होऊन उतार १३·६ अंश होतो. म्हणजे शाफ्ट सुमारे ७ अंशांनी अधिक उभा झाला. वरच्या टोकाचा जोड-कार्दान सांधा हा वाढीव कोन निभावून नेतो. खालच्या टोकास मात्र पिनियन जागच्या जागी राहिले, तर पूर्वी १ अंश असलेला कोन आता ८ अंश होतो. चाकाचा परीघ २·५ मीटर आणि डिफरन्शियलचे प्रमाण ३·७३ घेतले, तर ताशी १०० किलोमीटर वेगात शाफ्ट सेकंदास ४१·४ फेरे घेतो. १ अंशाच्या कोनास कमाल कोनीय प्रवेग वर्ग-सेकंदास सुमारे २१ रेडियन येतो; ८ अंशांस तो १,३०० च्या वर जातो. चौसष्ट पटींचा हा फरक कोणत्याही तोल साधण्याच्या यंत्रावर नाहीसा होणारा नव्हे.

तर मग पिनियनचे तोंड ७ अंश वर का उचलू नये? मागच्या अ‍ॅक्सलच्या बाबतीत नेमके हेच करतात, आणि काही बिघडत नाही. मागचा शाफ्ट आखूड असल्याने तेथे कोन वस्तुतः अधिक तीव्र होतात, तरीही मागचा प्रश्न सोपा असतो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या नळ्यांच्या टोकांस मात्र चाके वळविणारे सांधे घट्ट जोडलेले असतात, आणि त्या सांध्यांचा वळण्याचा अक्ष किंचित मागे कललेला असतो. या कलास कॅस्टर-कोन म्हणतात. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते, सरळ रस्त्यावर गाडी भरकटत नाही, याचे श्रेय प्रामुख्याने त्यास असते. टीजे जीपमध्ये तो सुमारे ७ अंश ठेवलेला आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचे पिनियन मागे, ट्रान्सफर केसकडे, पाहत असते. ते वर उचलण्यासाठी अ‍ॅक्सलचे घर फिरविले म्हणजे घराचा माथा पुढे झुकतो, आणि त्याबरोबर वळण्याचा अक्षही पुढे झुकतो. पिनियनला दिलेला प्रत्येक अंश कॅस्टरमधून वजा होतो. वरील उदाहरणात पिनियनला पुरे ७ अंश दिले की कॅस्टर शून्यावर येतो. थरथर गेली, पण आता गाडी रस्त्यावर हलकी, भिरभिरी चालते. स्टिअरिंग सोडले तर परत फिरत नाही. पहिली तक्रार कानाला व पायाला जाचणारी होती. ही दुसरी जिवावर बेतणारी आहे. दोन्हींचे पारडे सारखे नाही हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे, कारण दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक थरथरीची तक्रार घेऊन येते, कॅस्टरची नव्हे, आणि जी तक्रार ऐकू येते तिचेच निवारण केले जाते.

हाच पेच जुन्या विलीस जीपमध्येही होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जिची जुळणी सुरू झाली तीच ही जीप. तेथे अ‍ॅक्सल पाट्यांवर बसविलेला असे, आणि पाटा व अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर सारून कोन बदलता येई. मागच्या बाजूस पाचर हा स्वस्त व निर्धोक उपाय होता; पुढे मात्र कॅस्टर सुधारण्यासाठी घातलेली पाचर पिनियन खाली पाडीत असे. लँड रोव्हर डिफेंडर किंवा टोयोटाची ८० श्रेणीची लँड क्रूझर यांसारख्या गाड्यांत पुढचा अ‍ॅक्सल दोन लांब दांड्यांवर पक्का धरलेला असतो. या गाड्या उंच केल्या की दांड्यांबरोबर अ‍ॅक्सल आपोआप फिरतो. पिनियन शाफ्टाच्या मागोमाग वर वळते आणि कॅस्टर कमी होतो. कॅस्टर परत मिळविण्यासाठी तिरप्या भोकाचे बुश घातले की पिनियन खाली जाते. २०२३ साली भारतात विक्रीस आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सलही अखंडच आहे. तिची उंची वाढविणाऱ्यांना हे सर्व नव्याने शिकावे लागते.

निदानाच्या बाबतीत सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे कंपसंख्या होय. वरील उदाहरणातील गाडीचे चाक ताशी १०० किलोमीटर वेगात सेकंदास ११ फेरे घेते. चाकाच्या असमतोलाचे कंपन म्हणून सेकंदास ११ वेळा येते आणि ते हातांना स्टिअरिंगमध्ये जाणवते. शाफ्टाचा असमतोल सेकंदास सुमारे ४१ वेळा येतो. सांध्याच्या कोनाचे कंपन त्याच्या दुप्पट, म्हणजे ८३ वेळा येते. ते जाणवण्यापेक्षा ऐकूच अधिक येते. आजच्या भ्रमणध्वनीतील प्रवेगमापकानेही हा फरक ओळखता येतो, मात्र मापनाचा दर पुरेसा उच्च असला पाहिजे. ४१ च्या जागी शिखर आढळले तर शाफ्टावर निखळलेले वजन, नळीस पडलेला पोचा, झिजलेला क्रॉस यांकडे पाहावे. उंची वाढविल्यावर सरकत्या दंतयुक्त जोडातील पकड कमी होऊन तेथे खेळ उत्पन्न होणे हेही एक कारण असते. जोड-कार्दानमधील मधली गोळी वंगणाअभावी झिजणे हे त्याहून नेहमीचे, कारण तिचे वंगण-छिद्र सुईसारख्या तोंडाच्या नळीवाचून भरता येत नाही, आणि वर्षानुवर्षे कोणी ते भरीत नाही.

याहून साधी कसोटी म्हणजे पुढचा शाफ्ट सोडून बाजूस ठेवावा आणि गाडी त्याच रस्त्यावर त्याच वेगात चालवून पाहावी. थरथर गेली तर शोध अर्धा संपला. राहिली तर पुढचे कोन मोजीत बसण्याचे कारण नाही. कायम चारही चाकांस गती देणाऱ्या गाड्यांत ही कसोटी मधले डिफरन्शियल लॉक केल्यावाचून करता येत नाही, अन्यथा सर्व गती मोकळ्या टोकाकडे निघून जाऊन गाडी जागची हलत नाही. अडथळ्यावरून जाताच पुढची चाके व स्टिअरिंग जोराने झोके खाऊ लागतात तो विकार सर्वस्वी निराळा आहे. त्याचे मूळ बहुधा ट्रॅक-बारचे सैल बोल्ट किंवा खिळखिळे बुश यांत असते. कोन मोजताना गाडी सपाट जमिनीवर आपल्या चाकांवर उभी असावी. उचलयंत्रावर अ‍ॅक्सल लोंबकळत असता घेतलेली मापे निरर्थक होत.

उपायांपैकी पहिला उंची कमी करणे हा होय. तो कोणास रुचत नाही, तरी ५ सेंटिमीटरांच्या उंचीने काम भागत असेल तर पुढचे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. त्यानंतर लांबी कमीजास्त करता येणाऱ्या दांड्या बसवून तडजोड साधावी. वरील उदाहरणात पिनियनला ३ अंश दिले तर कॅस्टर ४ अंश उरतो आणि सांध्याचा कोन ८ वरून ५ अंश होतो. एवढ्यानेच प्रवेग १,३०० वरून सुमारे ५२० वर येतो, कारण पुन्हा वर्गाचाच नियम. पहिले दोन-तीन अंश फार मोठा लाभ देतात. शेवटच्या अंशांचा लाभ लहान आणि कॅस्टरच्या रूपाने मोजावी लागणारी किंमत मात्र तितकीच. म्हणून थरथर पुरती नाहीशी होईपर्यंत अ‍ॅक्सल फिरवीत राहणे शहाणपणाचे नाही. ट्रान्सफर केस खाली उतरविण्याचा उपाय मागच्या शाफ्टासाठी योजलेला आहे. इंजिनासह सारा जोड शेपटीकडे झुकतो आणि केसचे पुढचे तोंड वर होते. त्यामुळे मागे मिळणारा दिलासा पुढे जवळजवळ मिळत नाही.

पेच मुळातून सोडविण्याचा मार्ग एकच, आणि तो कष्टाचा आहे. अ‍ॅक्सलच्या नळीच्या टोकाचा, इंग्रजी सी अक्षरासारखा जो भाग चाकाचा वळणसांधा धरतो, त्याचे वेल्डिंग घासून काढावयाचे, तो भाग नळीवर हवा तितका फिरवावयाचा आणि पुन्हा वेल्ड करावयाचा. असे केले म्हणजे पिनियन आणि कॅस्टर यांची फारकत होते, आणि दोघांस आपापला योग्य कोन देता येतो. परंतु दोन्ही बाजू अंशाच्या अपूर्णांकापर्यंत जुळल्या पाहिजेत, नाही तर गाडी एका बाजूस ओढते. आणि हे वेल्डिंग तुटले तर चाकच निखळते. साच्यावाचून हे काम कोणी करू नये. भारतात तर त्यापूर्वी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करण्यास त्याने मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला.

पेच न सोडविता टाळण्याचाही एक मार्ग आहे. पुढच्या चाकांच्या तुंब्यांस हाताने फिरवून गुंतविण्याचे वा सोडविण्याचे लॉक बसविले, म्हणजे टू-व्हीलमध्ये चाके मोकळी फिरतात, शाफ्ट स्थिर राहतो आणि कोन कितीही असला तरी थरथर होत नाही. अमेरिकेत वॉर्न यांनी १९४८ पासून जीपगाड्यांसाठी अशी लॉके बनविण्यास आरंभ केला. फोर-व्हीलची गरज चिखलात व चढावर, म्हणजे मंद वेगात लागते, आणि मंद वेगात ८ अंशांचा कोनही निमूट राहतो. मग कॅस्टरचे सातही अंश जागेवर ठेवता येतात. टीजे जीपवर ती बसविण्यास चाकाचे तुंबे व बेअरिंगेच बदलावी लागतात, हा त्यातील खर्चाचा भाग. तरीही अ‍ॅक्सल फिरविण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळांनी पसंत केलेला आहे.

पुढची चाके स्वतंत्रपणे टांगलेल्या गाड्यांत चित्र पालटते. २०२० साली आलेली आणि नाशिक येथे तयार होणारी महिंद्राची थार ही या वर्गातील आहे. अशा गाडीत डिफरन्शियल चासीस बांधलेले असल्याने उंची वाढविली तरी लांब शाफ्टाचे कोन बदलत नाहीत. बदलतात ते चाकांकडे जाणाऱ्या दोन आखूड दांड्यांचे. त्यांच्या आतल्या टोकास बहुधा तीन रोलरांचा सांधा असतो. तो गतीचे प्रमाण राखतो, पण कोन वाढला की दर फेऱ्यास तीन वेळा दांडा आत-बाहेर ढकलतो. वरील चाकाच्या हिशोबाने ते कंपन सेकंदास ३३ वेळा येते आणि भार असतानाच, म्हणजे गाडी वेग घेत असता, जाणवते. ते टाळण्यासाठी डिफरन्शियल खाली उतरविले म्हणजे आखूड दांड्या सरळ होतात, आणि लांब शाफ्टाच्या दोन टोकांचे कोन मोजण्याची वेळ पुन्हा येते.